साडेआठ तासांचं कुलूप: भुसावळच्या एका घरातल्या कुत्रीच्या शी-शूचं प्रकरण

खाली मांडलेलं प्रकरण प्रातिनिधिक आहे. खानदेशातल्या नोकरदार घरांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका घरात एकत्र करून ते उभं केलं आहे. माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. कुत्रीला राणी म्हणू.

घर भुसावळच्या एका कॉलनीतलं, तळमजल्याचं. पुढे ओटा, मग हॉल, एक खोली, स्वयंपाकघर, आणि त्याच्या मागे धुण्याभांड्याची पाच बाय आठ फुटांची कोबा केलेली जागा. तिला सहा फुटांची कंपाउंड भिंत आहे. स्वयंपाकघरातून मागे जायला लोखंडी जाळीचं दार. नवरा रेल्वेत, बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सकाळी सव्वानऊला कुलूप लागतं, ते संध्याकाळी पावणेसहाला निघतं. राणी लॅब्राडॉर, साडेपाच महिन्यांची, वजन १७ किलो. जानेवारीत तक्रार अशी होती: ‘रोज घरात घाण करते, आम्ही आल्यावर तोंड लपवते, म्हणजे तिला कळतं. आता रात्रीही करायला लागली आहे.’

तोपर्यंत केलेले उपाय बहुतेक घरांत होतात तेच. जाताना पाण्याचं भांडं उचलून ठेवायचं, आल्यावर घाणीपाशी नेऊन नाक घासायचं, फरशी फिनेलने पुसायची. तिन्ही उपायांनी त्रास वाढला होता.

आधी हिशेब

पिल्लू किती तास धरू शकेल याचा ढोबळ आडाखा आहे: वयाचे महिने अधिक एक. दोन महिन्यांचं पिल्लू फार तर तीन तास, साडेपाच महिन्यांचं साडेसहा तास. हीसुद्धा वरची मर्यादा, पिल्लू शांत झोपलेलं असताना. जागं असेल, खेळलं असेल, पाणी प्यायलं असेल तर कमीच. मोठ्या, निरोगी कुत्र्यालाही सहा तासांपर्यंत सोयीचं पडतं, आठ तास म्हणजे ओढाताण. राणीला साडेआठ तास कोंडलं जात होतं. तिला जगातलं सगळं शिक्षण दिलं असतं तरी रोज दोन तासांचा तुटवडा राहणारच होता.

दुसरा हिशेब पाण्याचा. निरोगी कुत्रं दिवसाला किलोमागे साधारण २० ते ४० मिली लघवी करतं. १७ किलोला ३४० ते ६८० मिली. त्यातले साडेआठ तासांच्या वाट्याला सव्वाशे ते दोनशे चाळीस मिली येतात, म्हणजे चहाचे दोन-तीन कप. ते कुठेतरी जाणारच. मग घरच्यांनी ठरवायचं ते इतकंच की ते कुठे जावं.

पाच दिवसांची वही

उपाय सुरू करण्याआधी सोमवार ते शुक्रवार नोंद ठेवली. वहीत चार रकाने: वेळ, जागा, शू की शी, आणि त्याआधीच्या अर्ध्या तासात काय झालं. घर बंद असतानाचं कळावं म्हणून फडताळावर जुना मोबाइल चित्रण लावून ठेवला. पाच दिवसांत अकरा घटना आल्या. पाच वेळा दुपारी साडेबारा ते दोनच्या दरम्यान शू, चार वेळा सकाळी साडेनऊ ते दहामध्ये हॉलमध्ये शी, आणि दोनदा पहाटे दोनच्या सुमारास शू.

दुपारच्या पाचही शू मागच्या जाळीच्या दारापासून दीड-दोन फुटांच्या आत होत्या. चित्रणात दिसतं की राणी आधी दारापाशी जाते, जाळीला नाक लावते, एकदा पंजा मारते, परत हॉलमध्ये जाऊन येते, पुन्हा दारापाशी थांबते आणि मग तिथेच बसते. अशा फेऱ्या वीस-पंचवीस मिनिटं चालतात. ज्या पिल्लाला घरचे ‘काही कळत नाही’ म्हणत होते, ते बाहेर जायला जमेल तितकं दारापर्यंत पोचत होतं. दार बंद होतं.

डाग कुठे पडतो ते नीट पाहिलं तर अर्धं निदान तिथेच होतं. दारालगत एकच मोठं थारोळं म्हणजे बाहेर जायचं होतं, जमलं नाही. सोफ्याच्या पायांना, भिंतीच्या कोपऱ्यांना उभे, थोडे थोडे फवारे म्हणजे हद्द आखणं, आणि ते वयात आलेल्या नरात जास्त. झोपायच्या गोधडीवर नकळत ओल म्हणजे आजार. माणसं गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासात पुढच्या दाराशी शू-शी, सोबत लाळ, ओरडणं, दाराला ओरखडे, म्हणजे एकटेपणाची घबराट. तिला वेगळी वागणूक लागते, निव्वळ शू-शीची शिस्त तिथे पुरत नाही. माणूस घरात आल्यावर कान पाडून, अंग चोरून थेंब थेंब होणं म्हणजे भीती किंवा अतिउत्साह.

सकाळची शी कळायला वहीचा चौथा रकाना पुरला. सकाळी सहाला फिरायला नेत, आणि पावणेनऊला भाकरी-दुधाचं मोठं वाडगं देऊन कुलूप लावत. पोटात अन्न पडलं की आतड्यांना चालना मिळते, आणि पिल्लांना जेवणानंतर पंधरा मिनिटं ते तासाभरात शी लागते. फिरणं जेवणाआधी, कुलूप जेवणानंतर. त्यात दूध. दूध सुटलेल्या बऱ्याच पिल्लांना त्यातली साखर नीट पचत नाही, शी पातळ होते, आणि पातळ शी धरून ठेवता येत नाही.

रात्रीच्या शूचं मूळ पाणी उचलून ठेवण्यात होतं. दिवसभर कोरडी राहिलेली राणी पावणेसहाला भांडं दिसताच अख्खं संपवी, वर आणखी मागे. ते पाणी सात, नऊ आणि पहाटे दोनला बाहेर येई. पाणी बंद केल्याने शू कमी झाली नाही, फक्त रात्रीकडे सरकली. जळगाव-भुसावळचा पारा उन्हाळ्यात ४५ च्या पुढे जातो. तिथे कुत्र्याचं पाणी उचलणं हा थेट जिवाशी खेळ आहे. कुत्रं अंग थंड करतं ते मुख्यतः धापा टाकून, म्हणजे जीभ-तोंडातून पाणी उडवून. पाणी नसेल तर त्याच्याकडे दुसरा पुरेसा मार्ग नाही. भांडं उचलायचं नाही हा नियम इथे कशासाठीही मोडू नये.

डॉक्टरांकडे एक फेरी

सवयीकडे वळण्याआधी लघवीची तपासणी केली. सकाळची पहिली शू, सुरुवातीचे थेंब सोडून मधली धार, स्वच्छ कोरड्या डबीत. तासाभरात पोचवायची, नाहीतर डबी फ्रीजमध्ये. राणीची तपासणी स्वच्छ आली. थोडी थोडी पण सारखी शू, कुंथणं, रक्ताची झाक, शूच्या जागेचं सारखं चाटणं, किंवा दिवसाला किलोमागे १०० मिलीहून जास्त पाणी पिणं यातलं काही असेल तर आधी उपचार, सवयी नंतर. नर कुंथतो आहे आणि शू होतच नाही, तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना. वाट अडली असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

जागा

कुत्रं शूची जागा ओळखतं ते पायाखालच्या स्पर्शावरून आणि वासावरून. लहानपणी ज्या पृष्ठभागावर सवय लागली तो पक्का डोक्यात बसतो. राणी आधी रेती-मातीच्या वाड्यात वाढली होती, म्हणून रेतीचं खोकं निवडलं.

मागच्या जागेत तीन बाय अडीच फुटांची चौकट, विटांचे दोन थर. तळात दोन इंच खडी, तिच्यावर शेतातल्या हिरव्या जाळीचा तुकडा, म्हणजे रेती खाली झिरपून खडीत बसत नाही. वर चार इंच जाड रेती. बारीक मातकट रेती नको. ती ओली झाली की घट्ट बसते, वास धरते. हिशेबाने रेती अडीच घनफूट आणि खडी सव्वा घनफूट लागते, म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मोजायच्या तर दोन गोण्या रेती, एक गोणी खडी. कोब्याचा उतार मोरीकडे असावा आणि मोरीकडच्या बाजूला विटांमध्ये बोटभर फट ठेवावी, नाहीतर तळात पाणी साचतं. रोज संध्याकाळी शी उचलायची, शूच्या जागेवर दोन मग पाणी ओतायचं. महिन्याने वरची दोन इंच रेती बदलायची.

दारासाठी वेल्डिंगवाल्याकडून जाळीच्या खालच्या कप्प्यात १४ इंच रुंद आणि २० इंच उंच वाट करून घेतली. मोठ्या लॅब्राडॉरला ती पुरते. उंबरा जमिनीपासून तीन इंच. कापलेल्या कडा कानसने घासून घेणं फार महत्त्वाचं, कारण एकदा खरचटलं की कुत्रं त्या वाटेने पुन्हा जात नाही. झडप म्हणून जाड पारदर्शक पीव्हीसीच्या दोन पट्ट्या, केळीच्या कोल्ड स्टोरेजच्या दाराला लोंबतात तशा. आतून कडी, रात्री लावायला. चोरीची भीती रास्त होती, म्हणून स्वयंपाकघर आणि हॉलमधल्या दाराला कुलूप ठेवलं. स्वयंपाकघर ही राणीची दिवसाची खोली झाली: सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, कचऱ्याचा डबा वर, पंखा चालू, पाण्याची दोन जड भांडी, एक सांडलं तरी दुसरं राहावं म्हणून.

सोपा वाटणारा पर्याय म्हणजे तिला दिवसभर मागेच साखळीला बांधणं. घरच्यांनी तो विचारलाही होता. जो मालक कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं हिंडू-फिरू देत नाही, त्याचं वागणं १९६० च्या प्राण्यांशी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, बांधलेल्या कुत्र्याला झोपायच्या जागेतच शू करावी लागते. एकदा त्या घाणीची लाज मोडली की घरातली शिस्त बसवणं दुप्पट कठीण.

शिकवण्याचा क्रम

शनिवार-रविवार धरून सुरुवात केली. शूने भिजलेलं फडकं रेतीत पुरून ठेवलं. उठल्यावर, जेवल्यावर, खेळून झाल्यावर आणि एरवी दीड तासाने राणीला पट्ट्याने खोक्यापाशी न्यायचं, गप्प उभं राहायचं, पाच मिनिटं. ती बसली की हळू आवाजात ठरलेला शब्द, ‘चल शू’. सासूबाई येतात तेव्हा अहिराणी बोलतात. शब्द अहिराणी असता तरी चाललं असतं, पण सगळ्यांनी एकच वापरायला हवा. शू संपताच, दोन सेकंदांच्या आत, वाटाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा, आणि तो तिथेच द्यायचा. घरात आल्यावर दिला तर घरात येण्याचं बक्षीस होतं. शू झाली नाही तर आत आणून दहा मिनिटं पट्टा हातातच ठेवायचा, मग पुन्हा फेरी. हे दहा मिनिटांचं धरून ठेवणं लोक टाळतात, आणि नेमकी तेव्हाच हॉलमध्ये शू होते.

सकाळच्या फिरण्यात एक चूक होती, ती बहुतेकांची असते. राणीने शू केली की ‘झालं’ म्हणून लगेच घराकडे वळत. कुत्र्याच्या हिशेबात शू केली की मजा संपते. म्हणून ती धरून ठेवायला शिकली होती. आता उलट केलं: शू-शी होईपर्यंत एकाच जागी उभं राहायचं, झाली की पुढे दहा मिनिटं हुंगत फिरणं.

झडपेला चार दिवस लागले. पहिल्या दिवशी पट्ट्या वर बांधलेल्या, दुसऱ्या दिवशी एक सोडलेली, तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोन्ही. पलीकडून हाक मारायची, आत ढकलायचं नाही.

दिवसाचं वेळापत्रक असं बसलं: साडेपाचला शू, पावणेसहाला जेवण, पावणेसातला फिरणं आणि शी, नऊला शेवटची शू. संध्याकाळचं जेवण सातला, शेवटची फेरी साडेदहाला. दूध बंद करून सात दिवसांत हळूहळू बदल केला: ज्वारीची भाकरी कमी, पिल्लांचं खाद्य आणि अंडं जास्त. नुसत्या भाकरीवरच्या कुत्र्याची शी ढीगभर आणि तीन-चार वेळा होते. वरणाची किंवा शेवभाजीची उरलेली आमटी भाकरीवर घालणं बंद केलं. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी मोडतो, आणि खानदेशी आमटीत दोन्ही भरपूर.

दुपारची फेरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी घेतली. त्यांना विनंती करून दीडची वेळ ठरवली आणि त्याचे वेगळे पैसे ठरवले. आधी चार दिवस मावशी घरच्यांसमोर आल्या, राणीला हाताने खाऊ दिला. काम दहा मिनिटांचं: पाणी बघायचं, खोक्यापाशी उभं राहायचं, दुपारचा छोटा घास द्यायचा, पाच मिनिटं सोबत. शेजारच्या शाळकरी पोराकडे हे काम देऊ नये. १७ किलोचं पिल्लू उधळलं तर त्याच्याच्याने आवरत नाही.

झडप आहे तर मावशी कशाला, हा प्रश्न घरच्यांनीच केला. झडपेने जागा मिळते, पण साडेआठ तासांचा एकटेपणा तसाच राहतो. शिवाय भांडं उलटलं, पट्टी अडकली, वीज गेली, हे कुणाला तरी दुपारी कळायला हवं.

पुसण्याबद्दल थोडं

फिनेलचा वास माणसाला स्वच्छ वाटतो. कुत्र्याच्या नाकाला मात्र त्याखालची शू तशीच जाणवते, आणि ओल्या फिनेलवरचे पाय चाटणं त्याला घातक. आधी जुन्या सुती कापडाने दाबून टिपायचं, घासायचं नाही. मग एन्झाइमचं, म्हणजे शूतले वासाचे घटक फोडणारं, क्लीनर ओतून पंधरा मिनिटं ओलं राहू द्यायचं. ते पटकन पुसलं तर पैसे वाया. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समभाग हा घरगुती उपाय सिरॅमिकच्या टाइल्सवर ठीक, पण शहाबादी फरशी किंवा संगमरवर असेल तर वापरू नका, चुनखडीचा दगड आम्लाने खरबरीत होतो आणि मग शू आणखी मुरते. त्यावर लिटरभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा. ब्लीचिंग पावडर शूवर टाकणं बंद करा, दोन्ही मिळून घसा जाळणारा वायू तयार होतो.

नाक घासण्याचं काय झालं तेही सांगायला हवं. संध्याकाळी सहाला मिळालेली शिक्षा दुपारी एकच्या शूशी कुत्र्याला जोडता येत नाही. ‘तोंड लपवते’ तो अपराधीपणा नव्हता, चढलेल्या आवाजाची आणि आलेल्या पावलांची भीती होती. शिक्षेमुळे राणी माणसासमोर शू करायलाच घाबरत होती, पट्ट्यावर असताना धरून ठेवी आणि एकटी पडली की मोकळी होई.

काय चुकलं

तीन आठवड्यांत घरातल्या घटना आठवड्याला एकावर आल्या. मग मार्चच्या मध्यात राणीने खोक्यात जाणं सोडलं आणि झडपेच्या आतच, उंबऱ्याशी बसू लागली. घरच्यांना वाटलं शिस्त मोडली. दुपारी दोनला रेतीवर उलटा तळहात ठेवून पाहिला, तीन सेकंदही ठेववला नाही. पाच-सात सेकंद हात टिकत नसेल तर पंजाही टिकत नाही. मागची जागा घराच्या पश्चिमेला आणि खोकं घराच्या भिंतीला लागून. दुपारपासून सूर्य थेट त्यावर. खोकं हलवून पलीकडच्या कंपाउंड भिंतीला लावलं, म्हणजे तीननंतर त्या भिंतीचीच सावली पडते, आणि वर पाच फुटांवर हिरवी शेडनेट ताणली. पत्रा टाळला, तो खाली भट्टी करतो. झडपेपासून खोक्यापर्यंतच्या कोब्यावर गोणपाट टाकून मावशी दुपारी ते भिजवत. दोन दिवसांत राणी परत खोक्यात.

दुसरी घसरण जूनमध्ये. मार्चपासून शाळा सकाळची, मग मेची सुट्टी. राणीला तीन महिने दुपारी माणूस मिळाला होता. जूनच्या मध्यात शाळा पूर्ण वेळ सुरू होताच पहिल्या आठवड्यात चार वेळा हॉलच्या दाराशी शू, दार खाजवणं. शिक्षकांच्या घरात हे दरवर्षी होऊ शकतं. सुट्टीच्या शेवटच्या दहा दिवसांत तालीम करायला हवी होती: पहिल्या दिवशी अर्धा तास घर बंद, मग एक, दोन, चार तास, मावशींची फेरी सुट्टीतही चालू. ती तालीम नंतर उलटी करावी लागली, रजा टाकून.

जुलैत पावसाने रेती चिंब झाली, वास सुटला. नेटवर पावसापुरती ताडपत्री एका बाजूला उतार देऊन बांधली, वरची रेती पंधरा दिवसांनी बदलली. पावसाळ्यात खोकं साफ करताना हातमोजे हवेतच, लेप्टोस्पायरा हा रोगजंतू लघवीतून पसरतो. त्याची लस वर्षाला एकदा. शी रोज उचलण्यामागेही कारण आहे: पोटातल्या गोल जंतांची अंडी ताज्या शीत लगेच लागण करत नाहीत, त्यांना पिकायला दोन-तीन आठवडे लागतात. ती रेती आणि शी तुळशीत किंवा भाजीच्या वाफ्यात कधीही टाकू नये.

वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटला हेच गणित बाल्कनीत लागू करता येतं: दोन बाय तीन फुटांचा प्लास्टिकचा ट्रे, वर काथ्याची चटई किंवा कृत्रिम गवत, रोज धुऊन वाळत घातलेलं. दोन गवतं हवीत, एक वापरात, एक उन्हात. खालच्यांच्या वाळवणीवर पाणी जाणार नाही हे आधी पाहावं. चावकुऱ्या पिल्लाला कृत्रिम गवत देऊ नये, धागे पोटात जातात.

ऑगस्टमध्ये राणी साडेबारा महिन्यांची आणि २६ किलोची झाली. महिन्यात एकच घटना, तीही पाहुणे आलेल्या रविवारी. आता पहिली पाळी येऊ घातली आहे. तेव्हा शू वारंवार होईल, थेंब पडतील, आणि ते शिस्त मोडणं नसेल. त्या दिवसांत झडप बंद ठेवून मावशींच्या एकीऐवजी दोन फेऱ्या, साडेअकरा आणि अडीच, अशी बोलणी झाली आहेत. भटके कुत्रे सहा फुटांची भिंतही चढू शकतात, म्हणून आतली कडी दिवसाही लावायची हे सांगायला स्वयंपाकघराच्या दारावर कागद चिकटवला आहे.